अंतिम मालिका एकदाही न खेळलेला संघ : सिॲटल मरिनर्सच्या आठवणी

मेहरूणकर :

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी मूळचा जळगावचा. नोकरीच्या निमित्ताने १९९९ ते २०१२ या काळात सिॲटलजवळच्या रेडमंड गावी राहिलो आणि आता पुन्हा मेहरूण तलावाच्या बाजूला घर करून आहे. मागच्या आठवड्यात माळ्यावरची एक बॅग उतरवताना तिच्यातून मरिनर्स या बेसबॉल संघाची निळी टोपी निघाली. माझी भाची शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते (जळगावकडे हा खेळ शाळा-महाविद्यालयांतून खेळला जातो, हे खान्देशाबाहेरच्या मंडळींना सहसा ठाऊक नसते). तिने टोपी लगेच डोक्यावर चढवली आणि विचारले, “मामा, ही टीम किती वेळा चॅम्पियन झाली?” एकदाही नाही, असे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि मेजर लीगच्या तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, एकदाही न खेळलेला हा एकमेव संघ आहे, अशी भर मी घातली तेव्हा तर तिने टोपी काढून उलटसुलट न्याहाळली. “मग एवढी जपून कशाला ठेवली?”

तोंडी जे सांगितले त्याने तिचे समाधान झाले नाही, म्हणून नीट लिहून द्यायचे ठरवले आहे. सुरुवात २००१ च्या हंगामापासून करावी असे मला वाटते. १९९८ च्या जुलैत रँडी जॉन्सन गेला, २००० च्या आरंभी केन ग्रिफी ज्युनिअर गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस ॲलेक्स रॉड्रिगेझ दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा करार करून टेक्सासला निघून गेला. तिन्ही मोहरे गेल्यावर हा संघ तळाला जाणार, असे माझ्या कार्यालयातले जाणकार छातीठोकपणे सांगत होते. त्याच संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले आणि शिकागो कब्जने १९०६ साली केलेल्या विक्रमाची बरोबरी केली. जपानहून आलेल्या इचिरो सुझुकीने पहिल्याच वर्षी ०.३५० ची सरासरी, २४२ हिट (चेंडू मारून बेस गाठणे) आणि ५६ चोरलेले बेस (दुसऱ्याच्या फटक्याची वाट न पाहता पळून गाठलेले) अशी कामगिरी करून सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकदम मिळवले. बेस म्हणजे धावणाऱ्याने क्रमाने गाठायचे टप्पे; तिन्ही ओलांडून घरी परतला की एक धाव. एप्रिलमध्ये ओकलंडला त्याने उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर केलेली फेक मी दूरचित्रवाणीवर पाहिली होती. पहिल्या बेसवरून निघालेला टेरेन्स लाँग तिसऱ्या बेसवर पोहोचण्याआधीच, मध्ये कुठेही टप्पा न घेता, चेंडू तिथे हजर होता. हे मी भाचीला हातवारे करून दाखवले, तेव्हा तिला प्रथमच थोडा रस वाटला.

मला मात्र त्या वर्षातली सर्वांत जास्त आठवते ती १९ सप्टेंबरची रात्र. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर आठवडाभर सामने बंद राहिले होते. ते पुन्हा सुरू झाले आणि मरिनर्सने गटाचे विजेतेपद निश्चित केले, तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागेवर बसलो होतो. शँपेन उडाली नाही, आरडाओरडा झाला नाही. खेळाडूंनी पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) उंचवट्याभोवती गुडघे टेकले आणि मग राष्ट्रध्वज घेऊन मैदानाला सावकाश फेरी मारली. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी माझा हात हातात घेतला होता. त्या दिवसांत आपल्यासारख्या वर्णाच्या माणसाला तिथे त्याचे काय मोल होते, हे जे तेव्हा तिकडे होते त्यांना सांगायला नको.

पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने आम्हाला पाच सामन्यांत गुंडाळले, ही गोष्ट वेगळी. माझा प्रश्न असा की, या संघाची गोष्ट तुम्ही एखाद्या मुलीला सांगत असता तर पहिल्यांदा कोणता प्रसंग घेतला असता? कृपया स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेलेच लिहावे. आकडेवारी मलाही शोधता येते.

भुसावळ जंक्शन :

मेहरूणकर भाऊ, २००१ चा संघ उत्तमच होता. पण सुरुवात तिथून केलीत तर भाचीला अर्धीच गोष्ट कळेल. तुम्ही ज्या मैदानाच्या वरच्या मजल्यावर बसला होता ते मैदान १९९५ मुळे उभे राहिले. मी त्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकत होतो आणि आम्ही चार मराठी विद्यार्थी एका भाड्याच्या घरात राहत होतो.

तेव्हा संघ किंगडोममध्ये खेळत असे. ते काँक्रीटचे अवाढव्य झाकण घातलेले मैदान होते आणि आत शिरल्यावर आपण आमच्या लोकोशेडमध्ये क्रिकेट पाहायला आलो आहोत की काय असे वाटे. संघ स्थापन झाला १९७७ साली, आणि एका हंगामात हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले सामने पहिल्यांदा जास्त भरायला १९९१ उजाडावे लागले. १९९४ च्या जुलैत छताच्या फरशा रिकाम्या खुर्च्यांवर कोसळल्या. सामना सुरू व्हायला काही तास होते म्हणून माणसे वाचली. संघाला उरलेले सामने परगावी खेळत फिरावे लागले, आणि ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप होऊन त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. नवे मैदान बांधून मिळाले नाही तर संघ विकू, असे मालकांनी सांगितले होते. त्यासाठी लागणाऱ्या कराचा प्रस्ताव किंग काउंटीच्या मतदारांनी १९९५ च्या सप्टेंबरमध्ये अगदी थोड्या मतांनी फेटाळला. म्हणजे ज्या महिन्यात संघ जिंकू लागला, त्याच महिन्यात गावाने त्याला जवळजवळ निरोप दिला होता.

मे महिन्यात भिंतीवर आदळून झेल घेताना ग्रिफीचे मनगट मोडले होते. ऑगस्टच्या आरंभी एंजल्स संघ आमच्यापेक्षा तेरा सामन्यांनी पुढे होता. तिथून मरिनर्सने त्यांना गाठले, हंगामाच्या शेवटी दोघे बरोबरीत आले आणि २ ऑक्टोबरच्या एकमेव निर्णायक सामन्यात रँडी जॉन्सनने त्यांना ९–१ असे हरवून दिले. पुढे यांकीजशी पाच सामन्यांची मालिका झाली. न्यूयॉर्कमधले पहिले दोन सामने आपण हरलो, त्यांतला दुसरा पंधराव्या डावात (नऊ डावांनंतर बरोबरी राहिली की डाव वाढत जातात). तिसरा जिंकलो. चौथ्यात ५–० असे मागे पडल्यावर एडगर मार्टिनेझने एकट्याने सात धावा आणल्या आणि ११–८ असा विजय मिळाला.

पाचवा सामना ८ ऑक्टोबरला, रविवारी होता. आमच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. आम्ही रेडिओ स्वयंपाकघरात आणून ठेवला होता आणि शेगडीवर कोजागरीचे दूध आटत होते. एक दिवसाआड तिसऱ्या सामन्यात पूर्ण दमछाक झालेला रँडी जॉन्सन नवव्या डावात पुन्हा उंचवट्याकडे चालत गेला, तेव्हा समालोचक डेव्ह नीहाऊस यांचा आवाज प्रेक्षकांच्या गोंगाटात बुडून गेला. अकराव्या डावात यांकीजने एक धाव काढून ५–४ अशी आघाडी घेतली. मग आपल्या डावात जोई कोराने बंट करून, म्हणजे बॅट नुसती चेंडूला लावून, पहिला बेस गाठला, ग्रिफीच्या हिटवर तो तिसऱ्या बेसवर गेला आणि एडगरने जॅक मॅकडॉवेलचा चेंडू डाव्या रेषेवरून कोपऱ्यात धाडला. कोरा आला. पाठोपाठ पहिल्या बेसवरून निघालेला ग्रिफी कुठेही न थांबता घसरत घरी आला आणि ६–५. सगळा संघ ग्रिफीच्या अंगावर कोसळला आणि त्या ढिगाखालून त्याचा हसरा चेहरा तेवढा बाहेर दिसत होता, ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी पाहिले. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली होती. ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

नीहाऊस यांचे “माय ओ माय!” हे आवडते वाक्य होते. आमच्या घरातल्या नाशिककराला ते इंग्रजीच वाटे, मला मात्र पहिल्या दिवसापासून ते “माय वं माय!” असेच ऐकू आले आणि अजूनही तसेच ऐकू येते. १९७७ पासून २०१० मध्ये जाईपर्यंत ते या एकाच संघाचे सामने सांगत राहिले.

क्लीव्हलँडकडून आपण पुढची मालिका हरलो. पण त्याच ऑक्टोबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष अधिवेशन घेऊन नव्या मैदानाच्या पैशाची व्यवस्था केली. १९९९ च्या जुलैत ते मैदान उघडले आणि २००० च्या मार्चमध्ये किंगडोम सुरुंग लावून पाडला.

चोपडेकर :

मी अमेरिकेला कधी गेलेलो नाही. थोरले बंधू टॅकोमाला असतात, त्यांच्यामुळे हा नाद लागला, तेव्हा माझ्या आठवणी चोपड्याच्या घड्याळाप्रमाणे आहेत. तिकडचा संध्याकाळचा सात वाजून दहा मिनिटांचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला सुरू होतो. त्यामुळे माझ्या हिशेबी बेसबॉल हा चहा आणि वर्तमानपत्र यांच्या जोडीचा खेळ आहे. तिकडे दुपारी सामना असला की मात्र इकडे रात्र जागावी लागते.

१५ ऑगस्ट २०१२ चा सामना तसाच दुपारचा होता. आपल्याकडे १६ तारीख लागली होती आणि रात्रीचा एक वाजून गेला होता. सकाळी झेंडावंदनाला जाऊन आलेलो, दिवसभर केळीच्या बागेत पाण्याची पाळी, आणि रात्री वीज गेली म्हणून इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि मोबाइलचे नेट. मरिनर्सचा पिचर फेलिक्स हर्नांडेझ टँपा बेच्या संघाविरुद्ध चेंडू टाकत होता. सहाव्या डावापर्यंत एकही फलंदाज बेसवर पोहोचलेला नाही, हे माझ्या लक्षात आले आणि मी बंधूंना फोन लावला, तर ते म्हणाले, “त्याचे नाव काढू नकोस, ठेव फोन.” असा सामना चालू असताना त्याचा उच्चार करायचा नसतो, असा तिकडे संकेत आहे, आपण बाळाचे कौतुक मोठ्याने करत नाही, त्यातलाच प्रकार.

वडील पाणी प्यायला उठले आणि मी अंधारात काय ऐकतो आहे म्हणून शेजारी बसले. मी त्यांना समजावले की समोरच्या संघाचे सत्तावीस जण खेळायला येतील आणि एकही जण बेसवर न जाता परत गेला तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. त्यांनी शांतपणे विचारले, “सत्तावीस उनात नि सत्तावीसना सत्तावीस गयात, मंग यामा देखानं काय?” मला उत्तर सुचले नाही. साडेतीनच्या सुमारास सत्ताविसावा फलंदाज शॉन रॉड्रिगेझ तिसऱ्या स्ट्राइकवर (तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद) बॅट न फिरवता उभाच राहिला, फेलिक्सने दोन्ही हात आकाशाकडे नेले, आणि वडील म्हणाले, “गया का?” त्यांनी शेवटपर्यंत ऐकले होते. सामना १–० असा संपला होता. मेजर लीगच्या इतिहासातला तो तेविसावा आणि मरिनर्सचा पहिला आणि आजवरचा एकमेव परफेक्ट गेम होता.

गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच मैदानावर शिकागो व्हाइट सॉक्सच्या फिलिप हंबरने मरिनर्सविरुद्धच परफेक्ट गेम टाकला होता. तो मी ऐकला नाही, आणि ऐकला असता तरी इथे लिहिला नसता.

मेहरूणकर भाऊ, भाचीला सांगताना एवढे मात्र सांगा की फेलिक्स २००५ ते २०१९ अशी पंधरा वर्षे याच संघाकडून खेळला आणि त्या पंधरा वर्षांत संघ एकदाही बाद फेरीपर्यंत गेला नाही. व्हेनेझुएलाहून आलेला हा माणूस दुसरीकडे गेला असता तर कदाचित विजेत्यांना मिळणारी अंगठी घेऊन आला असता.

धुळ्याचा वाचक :

चर्चा आवडली. एकच शंका आहे. इचिरोचा उल्लेख २००१ पुरता झाला, २००४ चे कोणी बोलत नाही. त्या वर्षी संघाने ९९ सामने गमावले होते. मी तेव्हा धुळ्यात एका सायबर कॅफेत बसून रोज सकाळी केवळ त्याच्या हिट मोजत असे. संघाचा निकाल पाहणे मी जूनमध्येच सोडून दिले होते. १ ऑक्टोबरला त्याने जॉर्ज सिस्लरचा १९२० सालचा २५७ हिटचा विक्रम मोडला, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी, आणि हंगाम २६२ वर संपवला. सिस्लरच्या कन्या त्या दिवशी मैदानात होत्या. विक्रम मोडल्यावर इचिरो कठड्यापाशी जाऊन त्यांना वाकून भेटला, हे मी नंतर चित्रफितीत पाहिले. माझ्या मते आपल्या माणसांना समजेल असा प्रसंग हाच आहे.

अमळनेरची लेक :

मी सध्या सिॲटलला असते, माहेर अमळनेर. वरच्या सर्वांच्या आठवणी वाचताना हेवा वाटला, कारण मी इथे आले २०१४ मध्ये, म्हणजे ज्या काळात या संघाविषयी बोलताना लोक फक्त उसासा टाकत असत. २००१ नंतर बाद फेरी नाही. अमेरिकेतल्या चारही मोठ्या खेळांत एवढा दीर्घ दुष्काळ शेवटी-शेवटी दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला उरला नव्हता, आणि खान्देशातल्या माणसाला दुष्काळ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

तो संपला ३० सप्टेंबर २०२२ च्या रात्री. ओकलंडशी १–१ अशी बरोबरी होती, नववा डाव, दोन बाद, पिचरचे तीन बॉल (म्हणजे चुकीचे चेंडू) आणि दोन स्ट्राइक झालेले. कॅल रॉली बदली फलंदाज म्हणून आला होता. त्याने मारलेला चेंडू रेषेच्या आत राहतो की बाहेर जातो, हे समजेपर्यंत आमच्या रांगेतले सगळे श्वास धरून उभे होते. तो आत राहिला, होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) झाला आणि सामना आमचा. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला सांगत होते की मागच्या वेळी तू जन्मलाही नव्हतास. पुढच्याच आठवड्यात टोरंटोला ८–१ असे मागे असताना संघ १०–९ ने जिंकला. मग ह्यूस्टनविरुद्ध घरच्या मैदानावर अठरा डाव, सहा तास बावीस मिनिटे, आणि शेवटी १–० अशी हार. अठरा डाव उभे राहून पाय सुजले आणि एक धाव पाहायला मिळाली, तीही समोरच्यांची!

पण मेहरूणकर दादा, तुमच्या भाचीला मी २०२५ सांगितले असते. त्या वर्षी रॉलीने साठ होमरन मारले. तो कॅचर आहे, म्हणजे फलंदाजाच्या मागे प्रत्येक चेंडूला उकिडवे बसणारा माणूस. एका हंगामात कॅचरने मारलेल्या होमरनचा आधीचा उच्चांक ४८ होता आणि आमच्या संघातला ग्रिफीचा ५६. दोन्ही त्याने एकाच उन्हाळ्यात मागे टाकले. डेट्रॉइटला पंधराव्या डावात हरवून आम्ही पुढे गेलो, आणि टोरंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात युहेनियो सुआरेझने चारही बेस भरलेले असताना होमरन मारला तेव्हा तुमच्याकडे धनत्रयोदशीची पहाट होती. वर्ल्ड सिरीजला आता एकच विजय हवा होता.

सातवा सामना टोरंटोला, सोमवारी २० ऑक्टोबरला. तुमच्याकडे २१ तारखेची, लक्ष्मीपूजनाची सकाळ. आई अमळनेरला अंगणात रांगोळी काढत होती आणि मोबाइल तुळशीपाशी उभा करून ठेवला होता, म्हणजे मला रांगोळी दिसावी आणि तिला माझा चेहरा. सातव्या डावात आम्ही ३–१ असे पुढे होतो, आठ बाद करायचे राहिले होते. तेवढ्यात जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ४–३. आईला बेसबॉलमधले काहीच कळत नाही; तिने माझ्याकडे पाहिले, रांगोळीचा हात थांबवला आणि विचारले, “काय वं, कोन गये?” हरलो, म्हणाले. “पुन्हा से ना पुढला साल?” असे विचारून तिने उरलेले ठिपके जोडले.

ही हार भाचीपासून लपवू नका. या संघाच्या सगळ्या गोष्टींत पहिल्यांदाच आम्ही इतके जवळ गेलो होतो.

मेहरूणकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी शेवभाजीच्या ताटावर ही सगळी चर्चा भाचीला वाचून दाखवली. भुसावळकरांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. सुरुवात १९९५ नेच करतो, आणि माझी १९ सप्टेंबरची रात्र नंतर येईल. धुळ्याच्या वाचकांनी सांगितलेला सिस्लरच्या कन्येचा प्रसंग बहिणीला इतका आवडला की तिने पोळी तव्यावर विसरली. चोपडेकरांच्या वडिलांचा प्रश्न भाचीने पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.

तिची स्वतःची एक शंका आहे आणि मला तिचे उत्तर देता आले नाही. ती विचारते की त्या अकराव्या डावात कोरा घरी पोहोचल्यावर बरोबरी झालीच होती, तर ग्रिफी तिसऱ्या बेसवर का थांबला नाही? त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी तिला अशा वेळी थांबायला शिकवले आहे.

भुसावळ जंक्शन :

प्रशिक्षक बाई चुकीचे सांगत नाहीत. त्या वेळी एकही फलंदाज बाद नव्हता. ग्रिफी तिसऱ्यावर आणि एडगर दुसऱ्यावर थांबला असता आणि पुढचा फलंदाज वीस वर्षांचा ॲलेक्स रॉड्रिगेझ होता. विजयी धाव काढायला तीन संधी शिल्लक होत्या. उलट ग्रिफी घरी बाद झाला असता तर बरोबरीवर एक बाद, एवढेच हाती राहिले असते. पण चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला होता, तिथून तो उचलून, मधल्या खेळाडूकडे देऊन, पुन्हा घराकडे फेकायला वेळ लागतो, आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून चेंडू लागताक्षणी सुटला होता. तिसऱ्या बेसजवळ प्रशिक्षक सॅम पर्लोझो हात गरागरा फिरवत होते. धावणाऱ्याने मागे वळून चेंडू पाहायचा नसतो, समोरच्या हाताकडे पाहायचे असते. त्याने तेच केले.

मेहरूणकर :

हे तिला आत्ताच सांगितले. ती म्हणते, तरीही मी थांबले असते. टोपी मात्र आज शाळेत गेली आहे.